विद्येच्या देवतेपर्यंतची वाट: दाझाइफू, शूर्पारक आणि वैतरणेचा उतार

१/ जपानमधील दाझाइफू तेन्मांगू या शिंतो देवस्थानाची छायाचित्रे अधूनमधून आपल्यापर्यंत येतात. परीक्षेला बसणारे विद्यार्थी लाकडी पाट्यांवर नवस लिहून टांगताना दिसतात. त्याखाली बहुधा एकच प्रश्न असतो: 'तिकडे विद्वानाचा देव होतो, आणि आपल्याकडे?' या प्रश्नाला इतिहासाच्या अंगाने उत्तर देण्यासाठी हा थ्रेड. माझे म्हणणे आधीच मांडून ठेवतो. समाज विद्येला किती मानतो, हे तिच्या देवळापर्यंत जाणारी वाट कोणाकोणासाठी मोकळी आहे यावरून ठरवावे. ही कसोटी लावण्यास वैतरणेचा काठ पुरेसा आहे.

२/ प्रथम दाझाइफूचा देव कोण, ते पाहू. सुगावारा नो मिचिझाने यांचा जन्म इ.स. ८४५ मधील. घराणे पिढीजात पंडितांचे. चिनी काव्य आणि शास्त्रे यांत पारंगत असलेल्या मिचिझाने यांनी राजधानीत अध्यापन केले, सानुकी प्रांताचा कारभार पाहिला आणि सम्राट उदा यांच्या विश्वासामुळे ते वर चढत गेले. ८९४ मध्ये चीनच्या तांग दरबारात जाणाऱ्या शिष्टमंडळाचे प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली. मात्र ही मोहीम थांबवावी असा सल्ला त्यांनीच दिला. ८९९ मध्ये ते उजव्या बाजूचे मंत्री झाले. दरबारातील हे अत्यंत वरचे पद होते.

३/ पंडिताच्या घरातील माणूस इतका वर जाणे बलाढ्य फुजिवारा घराण्याला मानवणारे नव्हते. ९०१ मध्ये कटाचा आरोप ठेवून मिचिझाने यांना क्यूशू बेटावरील दाझाइफू येथे धाडण्यात आले. नावाला नेमणूक, प्रत्यक्षात हद्दपारी. दोन वर्षांनी, ९०३ मध्ये, तेथेच त्यांचा मृत्यू झाला. आख्यायिका सांगते की अंत्ययात्रेच्या गाडीचा बैल वाटेत बसला तो उठेना, म्हणून तेथेच दफन झाले. त्याच जागी पुढे देवस्थान उभे राहिले. आज उभे असलेले मुख्य सभागृह १५९१ मधील आहे.

४/ त्यांना देवपण मिळाले ते मात्र भीतीपोटी. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांचे विरोधक एकामागून एक वारले. ९३० मध्ये राजवाड्यावर वीज कोसळून दरबारी मेले, तेव्हा हा मिचिझाने यांचा कोप आहे असे सर्वांनी मानले. ९४७ मध्ये क्योतो येथे कितानो देवस्थान उभे राहिले आणि ९९३ मध्ये त्यांना मरणोत्तर सर्वोच्च मंत्रिपद देण्यात आले. ज्या दरबाराने त्यांना घालवले, त्याच दरबाराने त्यांची पूजा बांधली. 'तेन्जिन' या नावाने विजेचा हा कोपिष्ट देव हळूहळू विद्येचा दाता झाला.

५/ हा बदल स्थिरावण्यात शाळांचा वाटा मोठा होता. एदो काळात, म्हणजे १७व्या ते १९व्या शतकात, जपानभर तेराकोया नावाच्या छोट्या शाळा चालत. आपल्या गावठी शाळांसारख्याच: एक शिक्षक, एक खोली, वाचन, लेखन, हिशेब. तेथे शेतकरी आणि व्यापारी यांची मुले शिकत. भिंतीवर तेन्जिनचे चित्र असे आणि २५ तारखेला त्याची पूजा होई. देवळातील देव शाळेच्या भिंतीवर आला, हे मला या सगळ्या कथेत महत्त्वाचे वाटते. विद्वानाचा मान ज्या वाटेने लोकांपर्यंत गेला, ती वाट या शाळांनी तयार केली होती.

६/ दाझाइफूला गेलेला यात्रेकरू आज काय करतो? तळ्यावरील तीन पूल ओलांडतो. ते भूत, वर्तमान आणि भविष्य यांचे मानले जातात. कांस्याच्या बैलाचे मस्तक कुरवाळतो. 'एमा' नावाची पाटी विकत घेऊन तिच्यावर इच्छा लिहितो. हे सारे मनोहर आहे. परंतु मिचिझाने कशामुळे हद्दपार झाले, हा प्रश्न त्या पाटीवर उमटत नाही. सत्तेशी बिनसलेला पंडित देव झाला आणि त्या देवाकडे आता गुणपत्रिका मागितली जाते. 'आपल्याकडे असे का नाही?' असे विचारण्यापूर्वी ही बाजूही ध्यानात घ्यावी.

७/ 'आपल्याकडे नाही' हे तरी कितपत खरे? सरस्वती बौद्ध सूत्रांबरोबर चीनमार्गे जपानला गेली आणि तेथे बेन्झाइतेन झाली. पाणी, संगीत आणि वाणी यांची ती देवता. महाराष्ट्रात तिची मोठी देवळे थोडी. नांदेडकडची कुटुंबे मुलांच्या अक्षरारंभासाठी गोदावरीकाठी बासरला जातात, ते आज तेलंगणात आहे. पण दसऱ्याला पाटीवर एक हा आकडा अनेकदा मांडून काढलेली सरस्वती कोणत्या मराठी मुलाने पाहिलेली नाही? आपल्याकडे या देवतेचे देऊळ पाटीवर आहे. म्हणून खरा प्रश्न असा: पाटी कोणाच्या हाती आली, आणि केव्हा?

८/ आता वैतरणेकडे. ब्रह्मगिरीच्या परिसरात उगम पावून ही नदी अर्नाळ्याजवळ समुद्राला मिळते. तिच्या मुखाच्या दक्षिणेला प्राचीन शूर्पारक, म्हणजे आजचे सोपारे. महाभारताच्या तीर्थयात्रेत, बौद्ध आणि जैन परंपरेत, तसेच ग्रीक खलाशांच्या प्रवासवर्णनात या बंदराचे नाव येते. दाझाइफू हे जसे हाकाता बंदराच्या पाठीशी असलेले, परदेशाकडे तोंड करून बसलेले ठाणे होते, तसेच शूर्पारक हे पश्चिम समुद्राचे दार होते. मालाबरोबर माणसे येत, आणि माणसांबरोबर ग्रंथ व मते.

९/ १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याच्या 'बुरूड राजाचा कोट' नावाच्या टेकाडाचे उत्खनन केले आणि ते टेकाड स्तूप असल्याचे दाखवून दिले. आत दगडी पेटी, तिच्यात एकात एक ठेवलेल्या डब्या, आठ छोट्या कांस्यमूर्ती, सोन्याची फुले आणि यज्ञश्री सातकर्णीचे एक चांदीचे नाणे निघाले. भगवानलाल जुनागढचे. महाविद्यालयाची पदवी नाही. गिरनारच्या शिलालेखाने वेड लावले आणि भाऊ दाजी लाड यांच्या सहवासात ते घडले. पुढे हॉलंडमधील लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. आपल्यासारख्या इतिहासवेड्यांनी मनात ठेवावे असे हे नाव.

१०/ त्याच वर्षी त्यांना सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा मिळाला. नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये जवळच्या भुईगाव येथे सापडला. आठवे शासन यात्रेविषयी आहे, हा योगायोग सुंदर आहे. पूर्वीचे राजे शिकारीसाठी विहारयात्रा काढीत. अशोकाने राज्याभिषेकाच्या दहा वर्षांनंतर बोधिस्थानाची वाट धरली आणि पुढे धर्मयात्रा सुरू केल्या. त्या यात्रांत काय करायचे, तेही तो सांगतो: ब्राह्मण, श्रमण आणि वृद्ध यांना भेटून दान द्यायचे, खेड्यापाड्यांतील लोकांची गाठ घ्यायची, त्यांच्याशी धर्माविषयी बोलायचे.

११/ या शासनात यात्रेचे जे वर्णन उरते त्यात नवस नाही. माणसांच्या भेटी आहेत. राजाने आपणहून जनपदाकडे जायचे, ही त्यातील दिशा. अशोकाच्या हेतूंविषयी वाद आहेत आणि ते असावेत. राज्य बांधून ठेवण्याची ती युक्तीही असेल. तरी एक गोष्ट उरतेच: वैतरणेच्या मुखाशी दगडावर कोरलेला हा मजकूर यात्रेची किंमत वाटेत भेटलेल्या लोकांवरून करतो.

१२/ याहून ठोस पुरावा नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. लेणे क्रमांक १०. क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात, म्हणजेच ऋषभदत्त, याने तेथे आपल्या दानांची यादी कोरून ठेवली आहे. काळ इसवी सनाच्या आरंभीच्या दोन शतकांतला. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग या चार ठिकाणी त्याने धर्मशाळा बांधल्या. विहिरी खोदल्या, तळी केली. शोर्पारग म्हणजे आपले सोपारेच.

१३/ पुढे नद्यांची नावे येतात: इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा, दाहनुका. या नद्यांवर त्याने होड्या ठेवून लोकांना फुकट पार होण्याची सोय केली. शब्द आहे 'पुण्यतर'. दाहनुका म्हणजे डहाणूची नदी. यांच्या दोन्ही काठांवर त्याने वाटसरूंसाठी बसण्याच्या जागा आणि पाणपोया केल्या. कोकणात होडीच्या उताराला आजही 'तर' म्हणतात. हा शब्द या काठावर किती जुना आहे, ते येथे दिसते. नावाडी पैसे मागणार नाही, ही गोष्ट राजाच्या जावयाला डोंगरात कोरून ठेवण्याइतकी मोठी वाटली.

१४/ आणि आता विद्या. याच लेखात चरकांच्या परिषदांना दिलेले दान आहे. चरक म्हणजे गावोगाव हिंडणारे अभ्यासक. कृष्ण यजुर्वेदाच्या चरक शाखेशी अनेक विद्वान त्यांचा संबंध जोडतात. पिंडितकावड, गोवर्धन, सुवर्णमुख आणि शोर्पारगमधील रामतीर्थ येथील परिषदांसाठी नानंगोल गावातील ३२,००० नारळीची झाडे देण्यात आली. एकाच दात्याच्या एकाच लेखात धर्मशाळा, फुकट होड्या आणि विद्वत्परिषदांचे उत्पन्न शेजारी शेजारी नोंदले आहे. मला या शेजाराचे मोल वाटते. हिंडून शिकणाऱ्याला निवारा, उतार आणि पोट या तीन गोष्टी लागतात, आणि तिन्ही येथे आहेत.

१५/ येथे कोणी म्हणेल: हा आत्मप्रशंसेचा लेख आहे. बरोबर आहे. दानपत्रात दाता स्वतःला लहान करून घेत नाही. शिवाय हा पैसा रयतेच्या कराचाच होता आणि चरकांच्या परिषदांत सर्वांना प्रवेश होता असे मानायला काही आधार नाही. मी त्या काळाला सुवर्णयुग म्हणत नाही. माझा मुद्दा मर्यादित आहे: विद्येचा गौरव करायचा तर नदी ओलांडण्याची सोय करावी, ही समज या किनाऱ्यावर फार जुनी आहे. तिला आयात करण्याची गरज नाही.

१६/ 'सर्वांना प्रवेश' हा प्रश्न मात्र अनेक शतके तसाच राहिला. त्याचे एक उत्तर याच रेल्वेमार्गाने उत्तरेला गेल्यावर, डहाणू तालुक्यात सापडते. १९४५ मध्ये बोर्डी येथे ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम करून त्या आल्या होत्या. अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांच्या सहकारी झाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि तेथेच रुजले.

१७/ वारली पाड्यांतील मुले बालवाडीत येईनात. त्यांना धाकटी भावंडे सांभाळायची होती, गुरे चारायची होती. तेव्हा बालवाडीच पाड्यावर गेली. अंगणात भरली ती अंगणवाडी. गुरांमागे गेली ती कुरणशाळा. शिकवण्याचे साहित्य म्हणजे पाने, बिया, खडे, शंखशिंपले. १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा 'अंगणवाडी' हे नाव देशभर गेले. तेराकोयाच्या भिंतीवर देव आला होता. येथे भिंतसुद्धा नव्हती, शाळाच चालत मुलापर्यंत आली.

१८/ १९४५ या सालाकडे पुन्हा पाहा. त्याच वर्षी याच पट्ट्यात वारली शेतमजुरांनी वेठबिगार आणि लग्नगडी या प्रथांविरुद्ध उठाव केला. शामराव आणि गोदावरी परुळेकर किसान सभेच्या वतीने त्यांच्याबरोबर होते. लग्नाच्या कर्जापायी ज्याचे आयुष्य सावकाराकडे गहाण पडले, त्याच्या मुलाने शाळेत जायचे कसे? कोसबाडचे काम आणि हा लढा यांचे मार्ग वेगळे होते, माणसे वेगळी होती. तरी इतिहास वाचताना दोन्ही एकत्र वाचावेत. पाटी हाती येण्यासाठी आधी हात मोकळा व्हावा लागतो.

१९/ आता पुन्हा वैतरणा. वैतरणा आणि सफाळे या स्थानकांच्या दरम्यान नदीच्या पात्रात वाढीव हे बेट आहे. तेथील माणसे वर्षानुवर्षे रेल्वेच्या पुलांवरून, रुळांच्या कडेने चालत स्थानक गाठत आली आहेत. कामावर जाणारे, आजारी माणसे आणि शाळा-महाविद्यालयांत जाणारी मुलेही. शेजारून गाडी धडधडत जाते, खाली खाडीचे पाणी असते. या वाटेवर माणसे दगावल्याच्या बातम्या आल्या, पुलाच्या मागण्या झाल्या, आश्वासने झाली. पाठीवर दप्तर घेऊन या पुलावर पाऊल टाकणारे मूल हे माझ्या मते आपल्या काळातील विद्येचे यात्रेकरू आहे.

२०/ उषवदाताच्या यादीत वैतरणेचे नाव नाही. तापी आहे, दमणगंगा आहे, डहाणूची नदी आहे, वैतरणा नाही. यावरून मोठा सिद्धांत काढण्याची गरज नाही. पुराणांत मात्र वैतरणी ही यमाच्या वाटेवरची नदी, आणि ती ओलांडून देण्यासाठी गाईचे दान सांगितलेले आहे. मेलेल्या माणसाच्या उताराची चिंता करणाऱ्या समाजाने जिवंत विद्यार्थ्याच्या उताराची चिंता अधिक करावी, एवढी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

२१/ यावर व्यवहाराचा आक्षेप येतो: बेटावरची वस्ती थोडी, पूल महाग. हिशेबाच्या भाषेत तो खरा वाटतो. परंतु ज्या पात्रावर रेल्वेचे पूल उभे राहिले, त्याच पात्रावर पायी जाणाऱ्यासाठी सुरक्षित वाट किंवा भरवशाची होडी अशक्य आहे, हे पटत नाही. या नदीचे पाणी धरणांत अडवून मुंबईला जाते. नदीकडून इतके घेणाऱ्यांनी तिच्या काठच्या मुलांना एक उतार द्यावा. फुकट होडी ही दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारभाराला परवडत होती.

२२/ मग अनुताईंचे देऊळ बांधावे का? माझे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. मिचिझाने यांची कथा हाच त्याचा पुरावा. माणसाला देव केले की त्याचे भांडण विसरले जाते. ज्यांनी पंडिताला घालवले त्यांना पूजा करणे सोपे गेले. अन्याय झाला एवढे जिवंतपणी कबूल करणे अवघड होते. सावित्रीबाई फुले यांच्या बाबतीतही हा मोह आपल्याला होतो. प्रतिमेला हार घातला की शाळेच्या वाटेवर फेकलेल्या शेणमातीचा हिशेब मिटल्यासारखा वाटतो. तो मिटू नये. या व्यक्ती माणसे म्हणून आठवल्या तरच त्यांचे अपुरे काम आपल्या अंगावर येते.

२३/ यात्रा मात्र अवश्य करावी. विरार-डहाणू गाडीने एका दिवसात यातील बरेच पाहता येते. सोपाऱ्याच्या स्तूपाशी जा. ते टेकाड असताना कोणी ओळखले, हे आठवा. गाडी वैतरणेच्या पुलावर आली की दाराशी गर्दी करून छायाचित्र काढण्याऐवजी रुळांच्या कडेला पाहा. कोसबाडच्या टेकडीवर जा, आणि जाताना लागणाऱ्या पाड्यांत अंगणवाडी कोठे भरते ते विचारा. नाशिकला गेलात तर लेणे क्रमांक १० मध्ये थांबून 'दाहनुका' ही अक्षरे शोधा. ब्राह्मी येत नसेल तर शिका. भगवानलाल यांनाही ती कोणी वर्गात शिकवली नव्हती.

२४/ 'तिकडे विद्वानाचा देव होतो, आणि आपल्याकडे?' या प्रश्नाला माझे उत्तर असे: आपल्याकडे होडीचे भाडे माफ झाल्याची नोंद लेण्यात कोरली गेली आणि शाळा गुरांमागे कुरणात गेली. हा वारसा तेन्मांगूच्या लाल पुलांपेक्षा उणा नाही. तो चालू ठेवला का, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे आणि उत्तर देण्याची जबाबदारीही.

२५/ शेवटी एक विनंती. आपापल्या भागातील जुन्या तरी, उतार, धर्मशाळा आणि पाणपोया यांची नावे खाली लिहा. कोणत्या नदीवर, कोणत्या गावाजवळ, होडी केव्हापर्यंत चालत होती, आणि आज त्या काठावरची मुले शाळेला कशी जातात, एवढे चार तपशील पुरेत. घरातील वृद्धांना विचारलेत तर उत्तम. नावे जमली की नकाशावर मांडून पुढच्या थ्रेडमध्ये देईन. वाढीवची नोंद सर्वांत आधी असेल.